यादी पाठवणार नाही, वसंता

चिपळूण,
श्रावणातला रविवार

प्रिय वसंता,

तुझं पत्र पोचलं. भिलारहून आल्यापासून सोसायटीतल्या पोरांनी तुझं डोकं खाल्लंय आणि आठ ते चौदा वयाला चालतील अशा पन्नास पुस्तकांची यादी तुला ताबडतोब हवीय, एवढं कळलं. स्ट्रॉबेरीच्या गावात घराघरांतून पुस्तकांची कपाटं, वर कुणाच्याही ओसरीवर पसरून फुकट वाचायची मुभा, म्हटल्यावर पोरं खूश होणारच. २०१७ साली ते पुस्तकांचं गाव झालं तेव्हापासून मला जायचंय. तू साताऱ्यात बसून दोनदा जाऊन आलास, मी अजून बेतच करतोय.

पण यादी मी पाठवणार नाही. रागावू नकोस. याद्यांना काय तोटा आहे? पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आला की प्रत्येक शाळेच्या फळ्यावर एक लागते. त्यातली पुस्तकं चांगलीच असतात, प्रश्न तो नाही. दहा वर्षांचं पोर फळा बघून पुस्तक उचलत नाही. शेजारचा पोरगा पुस्तकात तोंड खुपसून एकटाच खिदळताना दिसला, की ते त्याच्या हातातून ओढून घेतं. तू यादी लावलीस तर तुझ्या सोसायटीत पन्नास पुस्तकं येतील, त्यांना कव्हरं लागतील, नंबर पडतील आणि किल्ली वॉचमनकडे राहील.

त्यापेक्षा आमच्या ओटीवर काय चालतं ते सांगतो. रविवारी दुपारी गल्लीतली दहा-पंधरा पोरं जमतात. ही भाजके शेंगदाणे नाहीतर खोबऱ्याच्या वड्या ठेवते, गर्दीचं अर्धं श्रेय तिचं. पुस्तकं माझीच, माळ्यावरच्या ट्रंकांमधली. या गावात पुस्तकं उंचावर ठेवायची हे आता सगळ्यांना पाठ झालंय. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. तिथे २००५ च्या जुलैत पाणी शिरलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरलं. पुस्तकं गेली, माणसं पुन्हा उभी राहिली. असो.

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून, जिथे ग्रंथालयात तारखेचे शिक्के मारायची चिठ्ठी असते ना, तिथे आम्ही कोरा कागद चिकटवतो. ज्याचं वाचून झालं त्याने पुढच्यासाठी तिथे लिहायचं. अट एकच: हे पुस्तक कुणी वाचावं आणि कुणी वाचू नये, एवढंच सांगायचं. 'छान', 'सुंदर', 'बोधप्रद' असं काही दिसलं की तो कागद फाडून नवा लावायचा. पुस्तक चांगलं आहे का असं विचारलं की पोर आधी आपल्या तोंडाकडे बघतं, आपल्याला काय ऐकायचंय याचा अंदाज घेतं. कुणाला द्यावं असं विचारलं की ते ओटीवरच्या बाकीच्यांकडे बघायला लागतं, आणि मग खरं बोलतं.

काही चिठ्ठ्या तुझ्यासाठी उतरवून काढल्यात. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर: 'ज्याला सायकल नाही त्याने वाचू नये, जीव जळतो.' एका शिकारकथेच्या पुस्तकावर: 'पहिली वीस पानं सोड. आजोबा बोलत बसलेत.' दुसऱ्या एकावर नुसतंच: 'कुत्रा मरत नाही. घाबरू नको.' ही तिसरी मला फार आवडते. मी आयुष्यभर परीक्षणं वाचली, पण वाचकाला नेमकी काय भीती वाटणार आहे हे इतकं ओळखलेलं परीक्षण आठवत नाही. आणि 'श्यामची आई'वर सहावीतल्या एका मुलीने लिहिलंय: 'आईजवळ बसून वाचू नये. आपण रडलो की ती काय झालं विचारते.' ते पुस्तक साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत लिहिलं असं मी सांगितलं. मला वाटलं, पोरं भारावतील. एकाने विचारलं, 'त्यांना तिथे होमवर्क नव्हता ना?'

माधुरी पुरंदरेंच्या 'राधाचं घर'ची पुस्तकं बारकी पोरं नेतात. मोठी म्हणतात ती बाळांची आहेत आणि ट्रंक आवरायच्या निमित्ताने उभ्या उभ्या वाचून टाकतात.

लिहिणं सुरू झालं ते या चिठ्ठ्यांमधूनच. एका मुलीला एका गोष्टीचा शेवट पटला नाही. तिने चिठ्ठीवर लिहायला घेतलं, कागद संपला, पुठ्ठा संपला, मग तिने वहीचं पान जोडलं. गोष्टीतल्या मावशीला लेखकाने उगाच गावी पाठवून दिलं होतं, हिने तिला परत बोलावलं. पुढच्या आठवड्यात ते पुस्तक मागायला चौघं आली, मूळ गोष्टीसाठी कुणीच नाही, मावशीसाठी. तेव्हा ठरलं की दर दोन महिन्यांनी एक हस्तलिखित अंक काढायचा.

हस्तलिखित म्हटलं की तुला आपली शाळा आठवली असेल. तुझं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे सगळी पानं तुझ्याच गळ्यात, आणि मी शाईची दौत धरायला. संपादकीयात 'आमच्या या चिमुकल्या प्रयत्नास' वगैरे. तपासणीला साहेब आले की अंक टेबलावर, साहेब गेले की काचेच्या कपाटात. आपल्या वर्गातल्या एकाही पोराने तो कधी वाचला नाही. वाचायला दिलाच नव्हता, मळेल म्हणून! आमच्या अंकाला तेलाचे डाग आहेत, एका पानावर चहाचं गोल वर्तुळ आहे, आणि एकाच्या धाकट्या बहिणीने मुखपृष्ठावरच्या हत्तीला मिशा काढल्यात.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे पत्र इतकं लांबवलं. आमच्याकडे सातवीतला एक मुलगा येतो. घर बाजारपेठेच्या बाजूला, तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ ला तो अगदी लहान होता. मागे शाळेत निबंध आला, 'पूरग्रस्ताचे मनोगत'. त्याची वही मी पाहिली. निसर्गाने रौद्र रूप धारण केले होते, सर्वत्र हाहाकार माजला होता, माणुसकीचा झरा मात्र आटला नव्हता. दहापैकी आठ गुण. अरे, हा मुलगा तो सबंध दिवस शेजाऱ्यांच्या पत्र्यावर बसून होता आणि निबंधात तो कुठेच नाही! तो निबंध ज्याने पूर फक्त टीव्हीवर पाहिलाय अशा कुणीही गाइड उघडून लिहिला असता. गुण देणाऱ्या बाईंना दोष देत नाही. मीही तीस-पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, एका संध्याकाळी पन्नास वह्या तपासायच्या असतात तेव्हा ओळखीची वाक्यं दिसली की हात भराभर चालतो.

त्याच मुलाने अंकासाठी दोन पानं लिहिली. पाणी चढलं तेव्हा फ्रिज आडवा होऊन तरंगत बाहेरच्या खोलीत आला आणि दारात अडकला. बाबा तो मागे ढकलत होते, फ्रिज पुन्हा पुढे येत होता. आई वरून ओरडत होती, 'अहो, त्यात कालची आमटी आहे!' त्यावर पत्र्यावरची सगळी माणसं हसायला लागली. आजी हसली नाही, ती लोणच्याची बरणी मांडीवर घट्ट धरून बसली होती. आजीचं सगळं बोलणं त्याने घरात बोलतात तसंच ठेवलंय, एक शब्दही पुस्तकी केलेला नाही. रौद्र रूप नाही, हाहाकार नाही. पण वाचताना मला त्या दिवसाचा वास आला.

ओटीवर वाचून झालं तर चौथीतल्या एका पोराने विचारलं, 'आमटीचं काय झालं?' याला माहीत नव्हतं. तो घरी जाऊन आईला विचारून आला आणि पुढच्या आठवड्यात तिसरं पान जोडलं. त्यात आमटीपेक्षा दुसरंच बरंच काही होतं, चिखलाचं, उष्ट्या भांड्यांचं, आणि शेजारच्या गावांहून आलेल्या अनोळखी मुलांनी घर धुऊन दिल्याचं. मी त्याला 'अजून तपशील लिही' म्हटलं असतं तर त्याने अर्धं पान भरून वही पुढे केली असती. आमटीची चौकशी करणारा समोर बसलेला होता म्हणून त्याने लिहिलं.

वाचणारा कोण हे माहीत असलं की पोराचं लिहिणं बदलतं, एवढंच मला इतक्या वर्षांच्या मास्तरकीनंतर कळलंय. वर्गात मी ब्राँटे भावंडांचं, म्हणजे पुढे नावाजलेल्या इंग्रज लेखिका झालेल्या बहिणींचं आणि त्यांच्या भावाचं, सांगायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची, परीक्षेत येणार नव्हतं ना. १८२६ मध्ये बापाने मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. भावंडांनी त्यांना नावं दिली, राज्यं दिली, आणि मग या शिपायांना वाचायला काहीतरी हवं म्हणून शिपायांच्या मापाची मासिकं काढली. काड्यापेटीएवढी, अक्षर छापल्यासारखं, भिंगाशिवाय वाचवत नाही. शार्लटने चौदाव्या वर्षी काढलेला त्यातला एक अंक त्यांच्या हॉवर्थच्या संग्रहालयाने २०१९ साली पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना घेतला. आमच्या पोरांना त्या युरोंचं काही वाटलं नाही. शिपायांचं मात्र लगेच पटलं. पुढच्या रविवारी एक पोरगी ओटीवरच्या पालीसाठी वर्तमानपत्र घेऊन आली. पहिल्या पानावर ठळक बातमी: 'ट्यूबलाइटजवळ किड्यांची प्रचंड वाढ.' खाली चौकटीत: 'झाडूपासून सावध.'

एकाने फास्टर फेणेलाच एसटीत बसवून चिपळूणला आणलं. त्यावर ओटीवर भांडण झालं, ही चोरी आहे की नाही. मी मध्ये पडलो नाही. शेवटी पोरांनीच निवाडा केला: बनेश, म्हणजे फास्टर फेणेच, फुरसुंगीहून पुण्याला जातो तर चिपळूणलाही येऊ शकतो, पण आपल्या गावात आलाय तर आपल्या पोरांकडून एकदा तरी हरला पाहिजे. आता तो वाशिष्ठीच्या पुलावर सायकल शर्यत हरतो. भागवतांनी हसून माफ केलं असतं असं मी धरून चाललोय.

शुद्धलेखनाचं तू विचारणारच, तुझा स्वभाव मला माहीत आहे. डेझी अ‍ॅशफर्ड नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने १८९० मध्ये एक कादंबरी वहीत लिहिली. ती १९१९ मध्ये छापली तेव्हा तिच्या चुका जशाच्या तशा ठेवल्या, आणि लोकांनी मिटक्या मारत वाचली. मी लाल पेन ओटीवर आणतच नाही. पक्की प्रत काढायच्या दिवशी मोठी पोरं छोट्यांचं तपासतात, आणि ती माझ्यापेक्षा कडक आहेत. 'दिन' आणि 'दीन' वरून एकाला रडवलं.

पालकांविषयी फार लिहीत नाही. एक-दोघांना स्पर्धा ठेवायची होती, पहिला नंबर, ट्रॉफी, प्रमाणपत्र. मी नको म्हटलं. बक्षीस जाहीर झालं की सगळ्या गोष्टींमध्ये एक गरीब पण प्रामाणिक मुलगा येतो आणि त्याला पैशांचं पाकीट सापडतं.

तू हट्टी आहेस, तेव्हा सुरुवातीला हाताशी काहीतरी हवं म्हणून सांगतो. फास्टर फेणे घे, विंदांचं 'एटू लोकांचा देश' घे, तेवढं मात्र मोठ्याने वाचायचं. १९७१ पासूनचे 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. त्यातले एक-दोन छापून घे, तुमच्या सोसायटीतल्या आज्यांनीही लहानपणी वाचलेले निघतील. आणि भोपाळहून एकलव्य संस्थेवाले १९८५ पासून मुलांसाठी 'चकमक' मासिक काढतात, हिंदी आहे, पण तुमची पोरं वाचतील. त्यातलं 'मेरा पन्ना' मुलांनीच लिहिलेलं असतं. ते दाखव, म्हणजे 'असलंही छापतात?' असं म्हणून त्यांची भीड मोडेल. बाकीची पंचेचाळीस पुस्तकं तुमची पोरं एकमेकांना सांगतील.

या पत्राबरोबर आमचा ताजा अंक पाठवतोय, मूळ प्रत, झेरॉक्स नव्हे. एसटीच्या पार्सलने कुंभार्ली घाट चढून येईल, स्टँडवर जाऊन सोडवून घे. कपाटात ठेवू नकोस. पोरांच्या हातात दे, मळू दे. शेवटची दहा पानं कोरी आहेत ती मुद्दाम. तुमच्याकडच्यांनी त्यावर लिहून अंक परत पाठवायचा आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
बंडू

ता. क. अंकातली भुताची गोष्ट ऐन विहिरीपाशी तुटलीय, त्याचं कारण लिहिणाऱ्याला पुढचं सुचलं नाही. ती तुमच्यापैकी कुणीतरी पुरी करावी असा त्याचा निरोप आहे. फक्त भूत चांगलं निघता कामा नये, असं त्याने दोनदा बजावलंय. गणपतीच्या आत पाठवा, आरतीनंतर वाचायची आहे.