ब्लॅकलेटर वापरा, पण बेताने

संपादक महाशय,

आपल्या पुरवणीतील अक्षरलेखनावरच्या लेखात टोकदार, काळ्याभोर रोमन अक्षरांना सरसकट ‘गॉथिक’ म्हटले आहे. हा शब्द घोटाळ्याचा आहे; ‘फ्रँकलिन गॉथिक’ हा तर साधा, रेघांच्या टोकांना शेंड्या नसलेला टाइप (छपाईच्या अक्षरांचा घाट). लेखातल्या त्या टोकदार, काळ्याभोर वळणाचे नाव ब्लॅकलेटर. त्यातही जर्मन मुद्रक गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास छापलेल्या बायबलातला ताठ टेक्श्चुरा वेगळा आणि सोळाव्या शतकात जर्मनीत रुळलेला, मोडत-वळत जाणारा फ्राक्टूर वेगळा.

‘ठळक दिसते, म्हणून मथळ्याला उत्तम’ हा लेखातला सल्ला अर्धाच खरा. टेक्श्चुरा रुंद टाकाने, टोक साधारण ४० ते ४५ अंशांत धरून लिहितात. टोक ३ मिलिमीटर रुंद असेल तर लहान अक्षराची उंची पाचपट, म्हणजे १५ मिलिमीटर. दोन उभ्या रेघांमधली पांढरी जागाही जवळजवळ रेघेएवढीच. त्यामुळे ओळ विणल्यासारखी दिसते (नावही विणीवरूनच पडले), पण वाचणारा अडखळतो. ‘मिनिमम’ हा शब्द रोमन लिपीत लिहून पाहा: सारख्याच १५ उभ्या रेघा! ‘आय’वरचे ठिपके काढले, तर कुठले अक्षर कुठे संपले ते सांगता येत नाही.

सर्वांत वाईट चूक म्हणजे अख्खा शब्द कॅपिटलमध्ये लिहिणे. ही अक्षरे शब्दाच्या तोंडाशी एकटी मिरवायला घडवलेली. फ्राक्टूरमध्ये ‘ए’ आणि ‘यू’, ‘बी’ आणि ‘व्ही’ यांची गल्लत ठरलेली. ती ओळीने मांडली की नुसते काटेरी कुंपण होते. दुसरी चूक अक्षरे विरळ करण्याची, म्हणजे त्यांच्यात जास्त जागा सोडण्याची. त्याने वीण उसवते. जुन्या जर्मन छपाईत जोर देण्यासाठी शब्द विरळ जुळवत, हे खरे. पण ‘सीएच’, ‘सीके’, ‘टीझेड’ या जोड्या तेव्हाही फोडत नसत.

लहान आकारात, त्यातून काळ्यावर पांढरे छापताना, केसाएवढ्या तिरप्या रेघा शाईने बुजतात. आमच्या मते १८ पॉइंटांखाली हा टाइप घेऊच नये. वृत्तपत्राचे नाव, प्रमाणपत्राचा मथळा, बाटलीवरचे लेबल, अशा दोन-चार शब्दांना तो शोभतो. खालचा मजकूर साध्या टाइपातच असावा.

आणखी एक. समाजमाध्यमांवर नावापुढे दिसणारी ‘फ्राक्टूर’ अक्षरे बहुधा टाइप नसून युनिकोडमधली (संगणकावरच्या अक्षर-चिन्हांच्या प्रमाण संचातली) गणिती चिन्हे असतात. शोधात ते नाव सापडेलच असे नाही आणि अंधांसाठीचे वाचक सॉफ्टवेअर ते अनेकदा एकेक चिन्ह करून वाचते किंवा गाळून टाकते.

आपला,
एक वाचक