हौदाच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून लिहून पाठवतेय.

आईच्या माशांच्या हौदाचं काय बिघडलंय ते पाहायला तुमच्याआधी येऊन गेलेल्या मंडळींचीही आठवण काढायला हवी. एकानं निळं औषध दिलं. मासे आजारी नव्हतेच. मार बसला तो फिल्टरमधल्या उपयोगी जीवाणूंना. दुसऱ्यानं हौद उपसून नळाचं पाणी भरायला लावलं. इंदूरला जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं, आधी ते मारणारं हायपो घालावं लागतं, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. आईचे सगळ्यात जुने कोई मासे त्यातच गेले. तिसरे भर दुपारी आले, पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा, पाहिला, "एकदम बढ़िया है दीदी" म्हणाले आणि पैसे घेऊन गेले.

तुम्ही मात्र पहाटे येतो म्हणालात. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो. रात्री तो वायू साठत जातो आणि उजाडायच्या आत पीएच तळाला जातो. हा झोका आवरून धरते ती पाण्यातली क्षारता, तुमचा केएच. आमच्या हौदातला तो संपत आला होता. गच्चीच्या पन्हाळीतून पावसाचं पाणी थेट आत पडून तो पातळ होत होता, वर माशांचा अमोनिया पचवणारे जीवाणूही तोच खात होते.

हे एखाद्या जाणकारानं कधीतरी सांगितलंही असतं. मला लिहायचंय ते केएच मोजायच्या त्या परीक्षानळीबद्दल. जितक्या थेंबांना पाणी पिवळं होतं, तितके अंश केएच. ती तुम्ही माझ्याकडे न देता आईच्या हातात दिलीत. "खायला तुम्ही घालता ना? मग थेंबही तुम्हीच मोजा." तिचा हात कापतो हे तुमच्या लक्षात आलं, पण नळी काढून घेतली नाहीत, खाली नुसता तळवा धरलात. पहिल्या थेंबाला पाणी निळं, दुसऱ्यालाच पिवळं. "दोनच?" असं आईनं विचारलं, तेव्हा तिचा आवाज किती दिवसांनी मोकळा आला काय सांगू. तोवर सगळे तिला ओलांडून माझ्याशीच बोलत होते. "माताजी को अंदर बिठाइए," असंही एकानं सुनावलं होतं. हौद तिचा, मासे तिचे, आणि आत तिनंच बसायचं!

गावात माहीतगार पुष्कळ आहेत हो. पण आपल्याला येतं ते समोरच्याच्याही हाती देऊन जावं, एवढं मोठं मन किती जणांचं असतं? पैसे तर तुम्ही घेतलेच नाहीत. त्याहून मला हे मोठं वाटतं.

आता पन्हाळ वळवली आहे आणि पंपाच्या धारेखाली शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी टांगली आहे. "हजार लिटरला ३० ग्रॅम खायचा सोडा, केएच एक अंशानं वर, घाई नको" हे आईनं कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलंय. थेंब सहावर गेलेत. परवा तर ती शेजारच्यांची टाकीसुद्धा न विचारता तपासून आली!

तुम्ही ठेवून गेलेली थेंबांची बाटली त्यामुळे संपत आली आहे. दोन नव्या मागवल्यात, त्यातली एक तुमची. नाही म्हणू नका, आई ऐकणार नाही.

आपली,
हौदवाल्या आजींची लेक