साडेसतरा तास उपाशी पोराला बेरीज कशी सुचेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २७ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीच्या वर्गावर. आता रिटायर आहे. परवा सहज गावातल्या शाळेत गेले होते, कापूस वेचणी जोरात चालू आहे आणि वर्गात तेच चित्र दिसलं जे मी इतकी वर्षं बघत आले, म्हणून लिहायला बसले.

वेचणीच्या दिवसात आमच्याकडे आया सकाळी सहा वाजेलाच मजुरीच्या गाडीत बसतात. भाकरी टोपलीत, भाजी झाकून ठेवलेली असते, पण सहा-सात वर्षांचं पोर एकटं उठतं, त्याला थंड भाकरी नको असते, घरात आजी असली तर चहा-खारी मिळते नाहीतर पाच रुपयाचं पुडकं. शाळा साडेदहाची, खिचडी दीड वाजेला. रात्री आठला जेवलेल्या पोराचा हिशोब करा, साडेसतरा तास होतात. आणि गणित, वाचन आपण त्या दीड वाजेच्या आतच उरकतो कारण सकाळी मुलं फ्रेश असतात असं आपण धरून चालतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, हातच्याची बेरीज त्याला काही केल्या जमायची नाही, बारा वाजेला डोकं दप्तरावर टेकवून पडायचा. काय खादं रे, विचारलं की म्हणायचा, चहा. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात "लक्ष देत नाही" असं लिहिलं. एकदा खिचडी झाल्यावर सहज फळ्यावर तीच गणितं घातली आणि त्याने पाचपैकी चार बरोबर सोडवली. ते वाक्य मी त्याच्या पुस्तकात लिहिलं याचं मला आजही वाईट वाटतं.

पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ९० टक्के वाढलेला असतो, शरीराला लागणाऱ्या एकूण शक्तीतली ४० टक्क्यांच्या वर तो एकटाच खातो. पण लिव्हर लहान, त्यातला साखरेचा साठा लहान, रात्रभरात तो बराच संपतो. मोठा माणूस एकादशी सहज काढतो, या वयाच्या पोराचं तसं नसतं.

भूक एकवेळ दिसते तरी, लोहाची कमी दिसतही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं अॅनिमियात निघाली, त्यातलीच बरीचशी आता प्राथमिक शाळेत बसली आहेत. लोह फक्त रक्तासाठी लागतं असं आपल्याला वाटतं, पण मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं बनायलाही तेच लागतं, कमी पडलं की पोर मलूल दिसतं, सांगितलेलं विसरतं, आणि घरी-शाळेत त्याला ढ म्हणतात. शाळेत आठवड्याला गुलाबी गोळी मिळते ती चांगली आहे, पण उपाशीपोटी दिली तर मळमळतं, शी काळी होते म्हणून आया घाबरतात (त्याने काही होत नाही, हे त्यांना कोणीतरी बसून सांगायला पाहिजे) आणि मग गोळ्या खिडकीबाहेर जातात. जेवल्यावर द्या आणि पुढचा तासभर चहा देऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही.

आता आपल्या ताटाचं. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ठरलेल्या ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन. धान्य म्हणजे जवळजवळ कायम तांदूळ. खान्देशात तांदूळ! जिथे घरोघरी बाजरी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी होते, आणि बाजरीत पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट लोह असतं. महाराष्ट्रातच ग्रामीण भागातल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलांना सहा महिने जादा लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव खायला देऊन अभ्यास झालेला आहे, साध्या बाजरीवर असलेल्या मुलांपेक्षा त्यांचं लक्ष आणि आठवण जास्त सुधारली. ते बियाणं, धनशक्ती, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचाच त्यात हात आहे, परदेशातून काही आणायचं नाही. अंड्याचं तर काय सांगू, २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळी असं ठरलं, पोरं त्या दिवशी आवर्जून यायची, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचे सरकारी पैसे बंद झाले. जळगावसारख्या केळीच्या जिल्ह्यात पोराला केळं मिळू नये याचं दुःख वाटतं.

माझं मागणं एकच आहे, शाळा भरल्याबरोबर पोटात काहीतरी जाऊ द्या. तामिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ ला पहिली ते पाचवीला सरकारी शाळेत सकाळचा नाश्ता सुरू केला, दुपारचं जेवण वेगळं. आपल्याला लगेच तेवढं जमणार नसेल तर निदान वेचणी आणि ऊसतोडीच्या महिन्यांत नंदुरबार, धुळे, जळगावच्या शाळांत सुरू करा. स्वयंपाकाच्या ताई लवकर येतील, पण त्यांचं मानधन वाढवूनच, आहे त्यात त्या कशा येतील.

आमच्या गावात आम्ही चार बायांनी वर्गणी काढून या सोमवारपासून प्रार्थनेनंतर प्रत्येकाला एक शेंगदाण्याचा लाडू आणि अर्धं केळं द्यायचं ठरवलंय, पटावर ६४ मुलं आहेत, पैसे संक्रांतीपर्यंत पुरतील. पुढचं कसं करायचं ते अजून सुचलेलं नाही. तुमच्या वाचकांपैकी कोणाच्या गावात असं वर्षभर चाललं असेल तर त्यांनी याच सदरात लिहावं, आम्ही येऊन बघू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. यावल, जि. जळगाव