बंदराचा रस्ता

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

काल तुर्कस्तानातलं एफेसस हे प्राचीन शहर पाहिलं. तुझ्या आईचे गुडघे थिएटरच्या पायऱ्या चढू देईनात, म्हणून ती खाली सावलीला बसली आणि मी एकटाच वर गेलो. डोंगराच्या उतारावर पंचवीसेक हजार माणसांची बैठक. तिथून समोर एक रुंद, सरळ रस्ता दिसतो, अर्धा किलोमीटर तरी असेल. जहाजातून उतरलेला माणूस याच रस्त्याने शहरात यायचा. रोमन काळाच्या अखेरीस इथे रात्री दिवे लावत. रस्ता संपतो तिथे बंदर होतं. आता नुसतं लव्हाळ्याचं रान आहे आणि समुद्र पाच किलोमीटरहून लांब गेलाय.

माझा सारा जन्म ड्रेजरवर, बंदरातला गाळ उपसण्यात गेला. ते लव्हाळं पाहून माझ्या पोटात कालवलं.

शहराशेजारून वाहणाऱ्या कायस्ट्रोस नदीचा गाळ शतकानुशतकं इथे येत राहिला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पर्गमॉनचा राजा अ‍ॅटॅलस फिलाडेल्फस याने बंदराचं रुंद तोंड बांध घालून अरुंद करवलं. तोंड आवळलं की आत मोठी जहाजं येण्याइतकी खोली राहील, असा राजाचा आणि त्याच्या इंजिनिअरांचा हिशेब. झालं उलटंच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर गाळ बाहेर ओढला जायचा, तो बांधाने आतच अडला आणि बंदर तोंडापर्यंत उथळ झालं. हे स्ट्रॅबो नावाच्या भूगोलकाराने लिहून ठेवलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, पण वाचताना वाटतं की आपल्याच धक्क्यावर उभा राहून बोलतोय. आमच्या वेळी एका खाडीत असाच भरीव बांध घातला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओहोटीला होड्या चिखलात बसायला लागल्या. कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन मांडीभर गाळातून यायच्या. ते मी विसरलेलो नाही.

पुढे रोमन काळातही झगडा चालूच होता. सम्राट हेड्रियनने नदीचं पात्र वळवलं, त्याबद्दल त्याचे आभार मानणारा इ.स. 129 चा शिलालेख आहे. त्याच शतकात एका सुभेदाराने फर्मान काढलं, की धक्क्यावर लाकडं रचू नका, संगमरवर कापू नका, कापताना पडणारा भुसा पाण्यात जाऊन खोली भरते. म्हणजे दुखणं त्यांना नेमकं कळलं होतं!

आर्टेमिस या ग्रीक देवीचं देऊळ, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, तेही याच मातीखाली गेलं होतं. जॉन टर्टल वुड नावाचा इंग्रज 1863 पासून शोधत होता, त्याला ते 1869 च्या अखेरीस सापडलं. आज तिथे तुकडे जुळवून उभा केलेला एकच खांब आहे, त्याच्या टोकावर करकोच्याचं घरटं.

सेल्ससचं ग्रंथालय मात्र आईनेही पाहिलं. दर्शनी भाग ऑस्ट्रियाच्या लोकांनी 1970 ते 78 मध्ये पडलेल्या दगडांतून पुन्हा उभारला. हे ग्रंथालय सेल्ससच्या अक्विला नावाच्या मुलाने वडिलांसाठी बांधायला घेतलं. वडिलांची शवपेटी खाली तळघरात आहे आणि वर पुस्तकं होती. पुस्तकांच्या खरेदीसाठी त्याने पैसेही मागे ठेवले होते. काम पुरं व्हायच्या आत तो गेला, ते वारसांनी पुरं केलं. आई बराच वेळ तिथेच बसून होती. निघताना म्हणाली, "बाळूला फोन लाव." तू साइटवर असशील म्हणून लावला नाही, रात्री हे लिहायला बसलो.

तुझ्या जेट्टीचा नकाशा तू मला दाखवलास, त्यात दक्षिणेकडचा बांध भरीव धरलाय. तेव्हा मी काही बोललो नाही, तुझं पहिलंच काम म्हणून. पण काल त्या पायरीवर बसून माझ्या डोळ्यांसमोर तोच बांध येत होता. येत्या अमावास्येच्या उधाणानंतर ओहोटी लागली की तू स्वतः तिथे उभा राहा. पाणी कुठून बाहेर निघतं, गाळ कुठे बसतो, ते बघ. जुन्या तांडेलाला विचार, तो बोट दाखवून सांगेल. खालून पाणी वाहू देणारी खांबांवरची जेट्टी महाग पडते हे मला माहीत आहे. तरी साहेबांपुढे विषय काढ.

आम्ही रविवारी पोचतो. नकाशा घरी आणून ठेव, आणि समुद्रतळाच्या खोलीचे आकडेही.

तुझे,
बाबा