आरोपीचा जबाब बातमी म्हणून छापू नये

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ठाणे आणि नवी मुंबईच्या आवृत्त्यांत गुन्हेगारीच्या पानावर एक बातमी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा छापली जाते. गाव कधी कळवा असते, कधी दिवा, कधी तुर्भे, कधी कामोठे. नवऱ्याने बायकोचा खून केलेला असतो आणि शीर्षकात किंवा पहिल्याच वाक्यात कारण दिलेले असते : चारित्र्याच्या संशयावरून, अनैतिक संबंधातून, क्षुल्लक वादातून, जेवण वेळेवर दिले नाही म्हणून. हे कारण कोणी सांगितले, हे बहुतेक वेळा बातमीत नसते. जिच्याबद्दल ते सांगितले जाते ती बोलायला उरलेली नसते आणि जो उरलेला असतो त्याचेच म्हणणे दुसऱ्या दिवशी हजारो घरांत वस्तुस्थिती म्हणून पोहोचते. या पद्धतीला माझा आक्षेप आहे आणि तो सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि माझ्याकडे येणाऱ्या कामांत कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्जांचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे ही वाक्ये कुठून येतात हे मला ठाऊक आहे. आरोपी ताब्यात आला की प्राथमिक चौकशीत तो काहीतरी सांगतो, ते पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये एका ओळीत उतरते, ती नोट संध्याकाळी पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडते आणि पान लावायची वेळ जवळ आलेली असल्याने तीच ओळ जशीच्या तशी छापून येते. वार्ताहराला मी दोष देत नाही. एकाच माणसाने पोलीस, महापालिका आणि रेल्वे अपघात असे सगळे पाहायचे असेल तर त्याच्यापुढे दुसरा स्रोत तरी कोणता असतो? परंतु त्या ओळीची कायद्यातली किंमत वाचकांना कळायला हवी. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 25 हेच सांगत होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 23 हेच सांगते. म्हणजे जे विधान न्यायालय आरोपीविरुद्धसुद्धा वापरू देत नाही, ते वृत्तपत्र मृत स्त्रीविरुद्ध बिनदिक्कत वापरते. बलात्काराच्या खटल्यात पीडितेचे चारित्र्य किंवा तिचे पूर्वीचे संबंध संमतीच्या प्रश्नावर गैरलागू ठरवणारी तरतूद 2013 च्या दुरुस्तीने कायद्यात आली. खून झालेल्या स्त्रीच्या वाट्याला बातमीत तेवढेही संरक्षण येत नाही.

कुणी म्हणेल की संशय नवऱ्याचा होता, हे बातमीत स्पष्टच लिहिलेले असते, मग तक्रार कशाची? वाक्याचे व्याकरण तसे आहे हे मान्य. पण वाचकाच्या मनात पुरुषाचा संशय राहत नाही, स्त्रीचे चारित्र्य राहते. काही वर्षांपूर्वी वागळे इस्टेट भागातल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या मुलीचा नवऱ्याने खून केला होता आणि जावयाच्या जामिनाला विरोध करायचा होता. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांनी दोन प्रकारचे कागद जपून आणले होते. एक म्हणजे बातमीचे कात्रण, आणि दुसरे म्हणजे मुलीने मारहाणीबद्दल पोलिसांत नोंदवलेल्या एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीच्या, प्रती. जामिनाचे बोलणे संपल्यावर त्यांनी कात्रणातल्या एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "वकीलबाई, एवढी ओळ काढून टाकायला कुणाकडे अर्ज करायचा?" चाळीतल्या बायका त्या ओळीनंतर त्यांच्या दाराशी यायच्या बंद झाल्या होत्या आणि धाकटीच्या लग्नाची बोलणी थांबली होती. त्या बातमीत एनसींचा उल्लेख कुठेही नव्हता. त्या कागदांची प्रत मागायला कोणी आलेच नव्हते.

खरी बातमी त्या पिशवीत होती असे माझे मत आहे. नवऱ्याने मारले म्हणून बाई पोलीस ठाण्यात जाते तेव्हा जखम मोठी नसेल तर ठाणे अंमलदार सहसा साध्या मारहाणीची एनसी घेतो, हातात प्रत देतो, दोघांना समजावतो आणि बाईला त्याच घरी परत पाठवतो. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही, म्हणून ती नोंद वहीत पडून राहते. वास्तविक सासरच्या किंवा नवऱ्याच्या क्रूरतेचे कलम दखलपात्र आहे, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्या कायद्याने संरक्षण अधिकारी दिला, घरात राहण्याचा हक्क दिला, नवऱ्याला जवळ येण्यास मनाई करणारा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला. तेव्हा खुनाच्या बातमीत विचारायचे प्रश्न हे आहेत : या स्त्रीने आधी तक्रार केली होती का, कोणत्या ठाण्यात, तिचे पुढे काय झाले, संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत ती पोहोचली होती का, न्यायालयात अर्ज होता का आणि त्यावर कितव्यांदा तारीख पडली होती? यातली निम्मी माहिती पोलिसांच्याच दप्तरात असते आणि उरलेली शेजारच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला विचारून मिळते.

हे प्रश्न विचारले की काय हाती लागते याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत तिच्या जोडीदाराने खून केल्याचा आरोप झाला, तेव्हा कित्येक दिवस फ्रिज, डेटिंग ॲप आणि आईवडिलांचे न ऐकता घर सोडण्याचा तिचा निर्णय यांवरच वाहिन्या आणि वृत्तपत्रे रेंगाळली. नंतर समोर आले की 2020 च्या नोव्हेंबरमध्ये तिने नालासोपाऱ्यातील पोलिसांना लेखी तक्रार दिली होती. तो मारहाण करतो, जिवे मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे तिने त्यात स्वतःच्या शब्दांत लिहिले होते. पुढे आपसात वाद उरला नसल्याचे तिने लिहून दिले आणि प्रकरण बंद झाले. त्या सगळ्या प्रकरणात तिचा स्वतःचा आवाज एवढाच शिल्लक होता, आणि तो सर्वांत शेवटी छापून आला. 2023 च्या जूनमध्ये मीरा रोडला सोबत राहणाऱ्या स्त्रीच्या खुनाचा आरोप एका पुरुषावर झाला, त्या प्रकरणातही तेच झाले. तिने स्वतः विष घेतले, मी घाबरून मृतदेहाची विल्हेवाट लावली, हे आरोपीचे म्हणणे ठळक टायपात आले. मृत स्त्रीच्या बहिणी काय सांगत होत्या त्याला त्या मानाने थोडी जागा मिळाली.

अशा घटना अपवादाच्या नाहीत, हे आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात स्त्रियांविरुद्धचे 4,45,256 गुन्हे नोंदले गेले आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा, 31.4 टक्के, नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांच्या क्रूरतेचा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त 14 टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचे आढळले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगभरात सुमारे 85 हजार स्त्रिया आणि मुलींची हत्या झाली आणि त्यांतल्या सुमारे 51 हजार जणींना जोडीदाराने किंवा घरच्याच कुणी मारले. परंतु प्रत्येक बातमी त्या त्या घरातला एक वेगळा, अनपेक्षित स्फोट म्हणून लिहिली जाते. "रागाच्या भरात" हे शब्द त्यासाठीच वापरले जातात. आरोपीने आदल्या दिवशी चाकू विकत घेतल्याचे चौथ्या परिच्छेदात असते आणि शीर्षकात मात्र राग असतो. अकस्मात आणि गंभीर चिथावणी हा खुनाच्या आरोपातून अंशतः सुटण्याचा कायदेशीर बचाव आहे, आणि खटला उभा राहण्याआधीच वृत्तपत्र तो बचाव आरोपीच्या वतीने मांडून मोकळे होते.

"एकतर्फी प्रेमातून" या शब्दांचेही तसेच आहे. 1990 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, उल्हासनगरला, दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका विद्यार्थिनीला जाळून मारण्यात आले तेव्हा हेच शब्द वापरले गेले. 2020 मध्ये हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवले तेव्हाही तेच. मधल्या काळात, 2013 मध्ये, नकार दिल्यावरही पाठलाग करत राहणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. ज्या वर्तनाला कायदा गुन्हा म्हणतो त्याला आपण अजून प्रेम का म्हणतो, याचे उत्तर मला कुठल्याही वृत्तसंपादकाकडून मिळालेले नाही.

लैंगिक अत्याचारानंतर ज्या जिवंत राहतात त्यांची अडचण निराळी असते. नाव छापायचे नाही हे आता सर्वांना माहीत आहे आणि नाव छापले जातही नाही. पण कोपरखैरण्याचा सेक्टर, माथाडी वसाहत, वडील रिक्षाचालक, मुलगी सातवीत आणि शिकवणीहून परतण्याची वेळ एवढे एका परिच्छेदात दिल्यावर त्या वसाहतीत कुणाला ओळखायचे शिल्लक राहते? मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम 23 मध्ये नाव आणि छायाचित्राबरोबरच कुटुंबाचा तपशील, शाळा आणि परिसर यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सांगितले की दुरान्वयानेही ओळख पटेल असा तपशील देता कामा नये, आणि पीडिता मरण पावली असली तरी हा नियम लागू आहे. सर्वांत वाईट प्रकार घडतो तो आरोपी घरातलाच असतो तेव्हा. बापाचे किंवा मामाचे पूर्ण नाव आणि वय छापायचे आणि मुलीचे नाव गुप्त ठेवल्याचे समाधान मानायचे, ही पद्धत तातडीने थांबायला हवी.

कोणत्या स्त्रीबद्दल हळहळ वाटावी हेही बातमीची मांडणी ठरवत असते. 2024 च्या जुलैमध्ये शीळफाट्याजवळच्या एका मंदिराच्या परिसरात नवी मुंबईतल्या एका विवाहितेवर अत्याचार करून तिची हत्या झाली. ती घरच्या भांडणानंतर बाहेर पडली होती, ही गोष्ट अनेक बातम्यांत अगदी वर होती. माणूस भांडणानंतर घराबाहेर पडतो, देवळात जाऊन बसतो, यात सांगण्यासारखे काय आहे? घोडबंदर रोडवरच्या संकुलात राहणारी तरुणी असेल तर तिच्या इन्स्टाग्रामवरचे फोटो घरच्यांना न विचारता उचलले जातात, आणि दिघ्याच्या झोपडपट्टीतली घरकाम करणारी बाई असेल तर चार ओळींत ती संपते. दोघींचाही त्यात अपमान आहे.

हे लिहिताना चांगल्या कामाची नोंद न घेणे अन्यायाचे होईल. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांच्या प्रकरणात पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळत ठेवले गेले आणि गुन्हा उशिरा दाखल झाला, हे वार्ताहरांनी लावून धरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पोलीस अधिकारी निलंबित झाले. मुलींबद्दल काहीही न सांगता यंत्रणेबद्दल सगळे विचारणारी ती पत्रकारिता होती. पुढच्या महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मरण पावला आणि त्यानंतर रकाने त्याच्याच मृत्यूने भरून गेले. तो मृत्यूही गंभीर होता आणि त्यावर लिहायलाच हवे होते. परंतु शाळांमधल्या सुरक्षेचा, तक्रार समितीचा आणि महिला कर्मचाऱ्यांचा विषय त्याबरोबर मागे पडला, याचे वाईट वाटते.

खुनामागचे कारण वाचकाला हवेच असते, असे आपण म्हणाल. ते द्यावे, पण ते कोणाचे म्हणणे आहे हे त्याच वाक्यात लिहावे, शीर्षकात घेऊ नये, आणि माहेरच्यांचे म्हणणे त्याच दिवशी मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशी तेवढ्याच जागेत द्यावे. खटल्याचा निकाल लागतो तेव्हा न्यायालयाने हेतूबद्दल काय म्हटले हेही छापावे. कोर्ट नाक्यावर आणि बेलापूरला असे निकाल नियमित लागतात आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ते वाचायलाही मिळतात, मात्र अटकेच्या दिवशी चार स्तंभ मिळालेल्या प्रकरणाला निकालाच्या दिवशी क्वचितच जागा मिळते.

शेवटी एक छोटी विनंती. अशा प्रत्येक बातमीखाली दोन ओळींची चौकट द्यावी : महिला मदतवाहिनी 181, पोलिसांचा तातडीचा क्रमांक 112, मुलांसाठी 1098, आणि उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे ही माहिती. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींना हा हक्क ठाऊक नसतो आणि त्यांच्यापैकी अनेकींच्या घरी आपले वृत्तपत्र येते.

आपली विश्वासू,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)