सात अठ्ठे चोपन्न

चिऊ,

तुझं पत्र मिळालं. इथे पाकीट फोडूनच हातात येतं, म्हणजे तुझा मजकूर माझ्याआधी आणखी कोणीतरी वाचलेला असतो. या वेळी तोही हसला असणार. ‘बाबा, तो कागद फेकून दे, त्यात चूक आहे, मी नवीन लिहून पाठवते’ म्हणे!

मुळीच पाठवू नकोस.

मी आत आलो त्या दिवशी घड्याळ, पट्टा, पाकीट, अंगठी सगळं जमा झालं. एकेक वस्तू यादीत लिहिली आणि खाली माझी सही घेतली. (संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीचे सुधारित नियम मान्य केले, त्यांतही हे आहे: यादी, सही, आणि सुटताना वस्तू परत.) शेवटी शर्टाच्या खिशातून तुझा घडी घातलेला कागद निघाला. कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला. ‘हे काय?’ म्हटलं, ‘मुलीचे पाढे.’ यादीत याला काय म्हणून लिहायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने तो मलाच परत दिला. आत येताना माझ्याबरोबर आलं ते एवढंच.

तुला तो कागद आठवत नसेल. चौकटीच्या वहीतलं पान आहे, सातचा पाढा. पहिल्या तीन ओळी पेन्सिल दाबून, अगदी सरळ. पाचवीपासून ओळी खाली घसरायला लागल्या. झोप आली असणार. साती साती एकोणपन्नास बरोबर, आणि मग सात अठ्ठे चोपन्न. गंमत अशी की तिथे तू खोडलंसही. रबराने इतकं घासलंस की कागद झिरझिरीत झालाय, दिव्यासमोर धरला तर पलीकडचा उजेड दिसतो. आणि एवढं घासून पुन्हा चोपन्नच! पुढची ओळ मात्र त्रेसष्ट, बिनचूक. चोपन्नावरून त्रेसष्टावर कशी पोचलीस, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. इथे दिवा रात्रभर विझत नाही, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर मिळतो.

एकदा झडतीत एका नव्या शिपायाने तो धरला. आकडेच आकडे, त्यातला एक चुकीचा. त्याला सांकेतिक निरोप वाटला. मोठ्या साहेबांपर्यंत गेला. त्यांनी मनात पाढा म्हणून पाहिला, ओठ हलताना दिसत होते, आणि म्हणाले, ‘पोरीचं गणित कच्चं आहे, देऊन टाक.’ रागावू नकोस. तू आता बीजगणित करतेस हे त्यांना काय ठाऊक?

परवा वाचनालयात वाचलं. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम नावाच्या कैद्याने शेक्सपिअरच्या जाड पुस्तकाला दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवरची देवांची चित्रं चिकटवली आणि आपला धर्मग्रंथ म्हणून ते जवळ ठेवलं. पुस्तक सोबत्यांत फिरलं, ज्याने त्याने आवडत्या ओळींपाशी सही केली. नेल्सन मंडेलांच्या सहीखाली १६ डिसेंबर १९७७ ही तारीख आहे. ती माणसं आत का होती आणि मी का आहे, हा फरक मला चांगला कळतो. पण कागदाला जपणं म्हणजे काय, तेही कळतं. आणि एक: मंडेलांच्या मुलींना सोळा वर्षांच्या होईपर्यंत भेटीला येऊ द्यायचं नाही, असा तिथला नियम होता. तू येतेस. जाळीपलीकडून का होईना.

आता खरं सांगतो. तो कागद मी आठवण म्हणून खिशात ठेवला नव्हता. तू तपासायला दिला होतास. ‘उद्या बघतो’ म्हणून घडी करून ठेवला आणि तपासायचा राहिला. तळाशी तू ‘बाबांनी तपासले’ असं लिहून पुढे रेघ मारली आहेस. त्या यादीवर मी मुकाट्याने सही केली, पण ही रेघ अजून कोरीच आहे. पेन्सिल इथे मिळते. तरी चोपन्नावर काट मारायला आणि रेघेवर सही करायला हात धजत नाही. ते घरी, तुझ्यासमोर बसून.

तेव्हा नवा पाढा नको. पाठवायचंच तर दोन कोरी पाकिटं पाठव, गोंद चांगला असलेली. इथे चिकटपट्टी मिळत नाही. मागच्या वेळी तुझ्याच पाकिटाचा गोंदाचा काठ फाडून, ओला करून मधल्या घडीला मागून लावला. तो छान बसलाय, पण आता दुसरी घडीही सुटायला लागली आहे.

तुझा,
बाबा