वीस रुपयांचा पास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तीतल्या शौचालयांची कालच्या अंकातली बातमी वाचली. ‘लोकांना पैसे द्यायला नकोत, म्हणून देखभाल होत नाही’ हे एका अधिकाऱ्यांचं वाक्य तुम्ही चौकटीत छापलं आहे. ते वाचून फार वाईट वाटलं, रागही आला.

पुण्याच्या वस्तीत माझी तीस वर्षं गेली. १९९९ साली आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात शौचालयांची कामं सामाजिक संस्थांना आणि त्यांच्याबरोबर वस्तीतल्या महिला गटांना मिळाली. बांधकामाचा खर्च, पाणी, वीज महापालिकेकडे. आखणी आणि पुढची देखभाल आमच्याकडे. दोन-अडीच वर्षांत शहरात ४०० हून जास्त शौचालयं उभी राहिली. तेव्हा पैसे देऊन जायचं म्हटलं तर एका वेळेला १ रुपया पडायचा, म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याचे दीडशे. आमचा पास अख्ख्या कुटुंबाला महिन्याला २० रुपये होता.

त्या पासाची वही तीन वर्षं माझ्याकडे होती. धुणीभांडी करणाऱ्या बाया पगाराच्या दिवशी घरी जायच्या आधी माझ्या दारात येऊन पैसे देत. एकदा ऐन पावसाळ्यात मोटार जळली. वहीतली शिल्लक पुरेना. त्याच संध्याकाळी घरटी १० रुपये गोळा झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीत पाणी चढलं. पैसे बुडवणारी चार-पाच घरं होती, नाही असं नाही. पण राखणदाराचं कुटुंब वरच्याच खोलीत राहायचं, त्यामुळे साफसफाई कधी थांबली नाही. बांधायच्या आधी आम्ही बायकांनी जमिनीवर खडूनं आखून पाहिलं होतं, बादली घेऊन आत वळता येतं का ते. लहान मुलांसाठी बुटक्या सीट आणि धरायला दांडी हवी, हेही आम्हीच सांगितलं. गटारीच्या कडेला बसणारी पोरं त्यामुळे आत जायला लागली.

आता मी लेकीकडे दुसऱ्या शहरात आहे. इथं दहा सीटचं नवंकोरं शौचालय आठ महिने कुलपात आहे. राखणदाराला खोली नाही. टाकी अशा बोळात बांधली आहे की मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप तिथवर पोचणार नाही. वस्तीतल्या एका बाईला जरी विचारलं असतं, तरी तिनं हे सांगितलं असतं. लेकीला सातवा महिना चालू आहे. पहाटे साडेचारला मी बॅटरी घेऊन तिच्याबरोबर रुळापर्यंत जाते. संध्याकाळनंतर ती पाणी पीत नाही. डॉक्टर तर भरपूर पाणी प्या म्हणतात.

अर्ज घेऊन गेले, तर सांगण्यात आलं, ‘आधी वापरणाऱ्यांची समिती करा, मग चावी मिळेल.’ समिती पाया खणायच्या आधी करायची असते हो! भिंती उभ्या राहिल्यावर नावं गोळा केली, तर त्या माणसांनी फक्त सह्या करायच्या. तरीही आम्ही २७ घरांच्या सह्या दिल्या आणि पहिल्या महिन्याचे पैसेही गोळा करून ठेवले आहेत. ते घ्यायला कुणी तयार नाही. ‘लोक पैसे देत नाहीत’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा इथं यावं, मी रोख मोजून देते.

आणखी एक. बातमीसोबत डबा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांचा फोटो तुम्ही छापला आहे. चेहरे स्पष्ट ओळखू येतात. त्यातली एक तर कॉलेजला जाणारी मुलगी दिसते. फोटो काढताना त्यांना विचारलं होतं का?

आपली,
एक वाचक
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)